तारेपासून फायबरपर्यंत : जोडणी पुण्याची, निवड आपल्या गटाची



गेल्या काही महिन्यांत गटांच्या मासिक बैठकांमध्ये एक नवा विषय येऊ लागला आहे. बचत गोळा झाली, अंतर्गत कर्जाचं बोलून झालं, बँकेच्या हप्त्याची नोंद झाली, की कुणीतरी ताई विचारते, "पुण्यात गाळा घेतलाय. ऑर्डरी मोबाईलवर येतात, पैसे मोबाईलवर येतात. मग नेट कुठलं घ्यायचं? वर्षाचं घ्यायचं की महिन्याचं? मोठं घ्यायचं की लहान?" आम्ही सहयोगिनी मग एकमेकींकडे बघतो, कारण याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

पण हा प्रश्न पुणे शहराला नवीन नाही. धंद्यासाठी किती क्षमतेची जोडणी घ्यायची, ती कमी-जास्त करता येईल का, आणि बंद पडली तर काय, हे पुण्यातल्या व्यापाऱ्यांनी, कारखानदारांनी आणि पुढे संगणक कंपन्यांनी दीडशे वर्षांत निरनिराळ्या रूपांत विचारलं आहे. त्यांच्या अनुभवातून आपल्याला बरंच घेता येईल. म्हणून आजच्या भाषणात आधी इतिहास सांगतो आणि मग आपल्या गटाच्या निवडीकडे येतो.

आधी एक शब्द समजून घेऊ. इंटरनेटची क्षमता म्हणजे काय? आपल्या पाण्याच्या भाषेत बोलू. खडकवासल्याच्या धरणात पाणी भरपूर असतं, पण आपल्या रानात किती येणार ते चारीच्या रुंदीवर ठरतं. एकाच चारीवर दहा जणांची रानं असली तर पाळी लागते. ज्याला पाळी नको तो स्वतःची पाईपलाईन टाकतो, पण तिचा सगळा खर्च त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येतो. इंटरनेटचंही तसंच आहे. रुंद चारी म्हणजे जास्त क्षमता. सामायिक चारी स्वस्त, स्वतंत्र पाईपलाईन महाग. एवढं मनात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं जाईल.

तार आणि टेलिफोन

आपल्या देशात पहिली तार टाकली गेली ती १८५० साली, कोलकाता ते डायमंड हार्बर. डॉ. विल्यम ओशॉनेसी नावाच्या अधिकाऱ्यानं हे काम उभं केलं. पुढच्या पाच-सहा वर्षांत कोलकाता, आग्रा, मुंबई, मद्रास ही शहरं तारेनं जोडली गेली. १८७० साली समुद्राखालून आलेली तार मुंबईला पोचली आणि विलायतेचा कापसाचा भाव मुंबईच्या व्यापाऱ्याला लवकर कळू लागला. ज्याला भाव आधी कळला त्यानं पैसा केला. ज्यानं कापूस पिकवला त्याला मात्र भाव शेवटी कळायचा. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण जोडणी कुणाकडे आहे यावर नफा कुणाकडे जातो हे तेव्हापासून ठरत आलं आहे.

१८८५ साली सरकारनं तारेचा कायदा केला. तार टाकण्याचा, चालवण्याचा आणि परवाना देण्याचा हक्क सरकारच्या हाती राहिला. पुढे टेलिफोन, मोबाईल, इंटरनेट आलं, तरी मूळ कायदा तोच होता. तो बदलून नवा दूरसंचार कायदा व्हायला २०२३ साल उजाडलं. तारेची सेवा त्याआधीच, जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आपल्या आजीच्या पिढीला "तार आली" म्हटलं की धस्स व्हायचं, कारण तारेला शब्दामागे पैसे पडायचे आणि एवढा खर्च लोक वाईट बातमीसाठीच करायचे.

टेलिफोनची पहिली एक्सचेंज १८८२ साली मुंबई, कोलकाता आणि मद्रासला सुरू झाली. पण टेलिफोन सामान्य माणसाच्या घरात यायला पुढची शंभर वर्षं लागली. अर्ज करायचा आणि वाट बघायची. 'ओन युअर टेलिफोन' नावाची योजना होती, तिच्यात मोठी अनामत भरली की नंबर जरा लवकर लागायचा. इन्फोसिस ही कंपनी १९८१ साली पुण्यात सुरू झाली आणि दोन वर्षांनी बेंगळुरूला गेली. त्या काळात कंपनीला टेलिफोन मिळायला वर्ष लागायचं आणि संगणक परदेशातून आणायच्या परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा घालाव्या लागायच्या, असं तिचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी अनेकदा सांगितलं आहे. म्हणजे तेव्हा निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. देणारा एकच, आणि मिळेल ते घ्यायचं.

आर्वीची मोठी थाळी

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट ऐका. जुन्नर तालुक्यात खोडदची मोठी दुर्बीण पुष्कळजणींनी पाहिली असेल. तिच्याही आधी, १९७१ साली, त्याच भागात नारायणगावजवळ आर्वी इथं देशातलं पहिलं व्यापारी उपग्रह भू-केंद्र सुरू झालं. त्याचं नाव विक्रम. आकाशातल्या उपग्रहाकडे तोंड करून बसलेली ती प्रचंड थाळी हिंदी महासागरावरच्या उपग्रहाशी बोलायची. मुंबईतला व्यापारी परदेशात फोन लावायचा आणि त्याचा आवाज जुन्नरच्या रानातून आकाशात जायचा.

विचार करा. जगाशी बोलणारं यंत्र जुन्नरच्या मातीत उभं होतं, आणि आजूबाजूच्या वाड्यांमध्ये साधा फोन नव्हता. वाट गावातून जाते म्हणून ती गावाला मिळतेच असं नाही. पाट शेजारून वाहतो, पण आपल्या रानाला चारी काढलेली नसेल तर बांधावर उभं राहून पाणी बघायचं, तसं हे झालं.

चारी काढायचं काम सुरू झालं १९८४ नंतर. सी-डॉट ही सरकारी संस्था त्या वर्षी स्थापन झाली. सॅम पित्रोदा हे तिच्यामागचं मोठं नाव. तिथल्या तरुण इंजिनिअरांनी खेड्यासाठी लहान टेलिफोन एक्सचेंज बनवलं. वातानुकूलन नसलेल्या खोलीत, धुळीत आणि उन्हाळ्यात ते चालायचं. त्याच सुमारास गावोगावी पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ आले. रात्री उशिरा दर कमी व्हायचे, म्हणून बूथवर रात्री गर्दी असायची. मैत्रिणींनो, ती गर्दी म्हणजे सोयीप्रमाणे वापर आणि वापराप्रमाणे पैसे याचा आपल्या लोकांनी घेतलेला पहिला धडा होता. ज्याला घाई होती त्यानं दिवसा जास्त पैसे दिले. ज्याला थांबता येत होतं त्यानं रात्री बोलून पैसे वाचवले. कितीतरी बायकांनी हे बूथ चालवून घर चालवलं, हेही विसरायला नको.

पुण्याची पहिली मोठी चारी

पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था सुरू झाली. डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते आणि १९९१ साली तिथं 'परम' हा महासंगणक तयार झाला. संगणकावर देवनागरी अक्षरं उमटवण्याचं मोठं कामही याच संस्थेनं पुढे नेलं. आज आपण मराठीत मेसेज लिहितो त्यामागे अशा कामांची पुण्याई आहे.

याच सुमारास केंद्र सरकारनं तीन ठिकाणी सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क सुरू केले : बेंगळुरू, भुवनेश्वर आणि पुणे. १९९१ मध्ये त्यांची मिळून एक संस्था झाली. तिला एसटीपीआय म्हणतात. संगणकाचे प्रोग्राम लिहून परदेशी विकणाऱ्या कंपन्यांना माल जहाजानं पाठवायचा नव्हता, तारेवरून पाठवायचा होता. त्यासाठी या पार्कनं उपग्रहाची जोडणी दिली. तेव्हा एका कंपनीला मिळणारी चांगली जोडणी म्हणजे ६४ केबीपीएस. आज आपण मोबाईलवर दोन एमबीचा फोटो क्षणात पाठवतो. तोच फोटो त्या जोडणीवरून जायला चार मिनिटांहून जास्त लागले असते. तरी त्या काळी ती मोठी चैन होती.

अशी स्वतंत्र जोडणी म्हणजे लीज्ड लाईन. चारीच्या भाषेत स्वतःची पाईपलाईन. वापरा किंवा पडून राहू द्या, महिन्याचं भाडं ठरलेलं. मोठ्या कंपनीला ते परवडायचं, दहा माणसांच्या लहान कंपनीला नाही. मग एसटीपीआयनं लहान कंपन्यांना जागा आणि जोडणी सामायिक वापरायला देण्याची सोय केली. एकटीला न परवडणारी गोष्ट दहाजणींनी मिळून घ्यायची, हे आपण बचत गटात करतो. पुण्याच्या संगणक धंद्यातल्या कितीतरी लहान कंपन्यांना हीच युक्ती उपयोगी पडली.

पुढे मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत एमआयडीसीनं राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा केला. जिथं भात आणि ऊस होता तिथं काचेच्या इमारती आल्या आणि रस्त्याकडेच्या चरांतून फायबर गेलं. फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार. तिच्यातून वीज जात नाही, उजेड जातो, म्हणून ती एवढं ओझं वाहू शकते.

फोन एंगेज, नेट चालू

सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनं ते मोठ्या शहरांत सुरू केलं आणि लवकरच पुणंही जोडलं गेलं. टेलिफोनच्या तारेवरूनच जोडणी व्हायची. मोडेम नावाचा डबा किरकिर आवाज करायचा, आणि नेट चालू असेपर्यंत घरचा फोन एंगेज. वेग होता ९.६ केबीपीएस. आपल्या दोन एमबीच्या फोटोला जवळजवळ अर्धा तास! आणि पैसे तासाच्या हिशेबानं, आगाऊ भरायचे.

नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारनं खासगी कंपन्यांना इंटरनेट देण्याची परवानगी दिली. १ ऑक्टोबर २००० ला बीएसएनएल ही सरकारी कंपनी झाली. पुण्याच्या पेठांमध्ये, कॉलेजांच्या आसपास सायबर कॅफे निघाले. गावाकडून शिकायला आलेल्या मुलींनी निकाल बघण्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत सगळं तिथूनच केलं. २००४ साली सरकारनं ब्रॉडबँडचं धोरण आणलं. तेव्हा ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस अशी व्याख्या होती. २०२३ साली तीच व्याख्या बदलून किमान दोन एमबीपीएस झाली, म्हणजे जवळपास आठपट. काल जी रुंद चारी होती ती आज अरुंद ठरते. म्हणून जोडणी घेताना 'आज पुरेल का' याच्याबरोबर 'पुढच्या वर्षी वाढवता येईल का' हेही विचारावं लागतं.

एक तार तुटली तेव्हा

३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या तारा तुटल्या. तुटल्या तिकडे, आणि अडलं इकडे. भारतातलं इंटरनेट काही दिवस रखडत चाललं, कारण युरोप-अमेरिकेकडे जाणारी आपली मोठी वाहतूक त्याच वाटेनं होती. ज्या कंपन्यांनी पूर्वेकडून, सिंगापूर-जपानच्या बाजूनं दुसरी वाट घेऊन ठेवली होती त्यांचं काम चालू राहिलं. ज्यांची वाट एकच होती त्यांना हात बांधून बसावं लागलं.

तेव्हापासून मोठ्या कंपन्यांनी एक नियम पक्का केला : जोडणी दोन, आणि दोन्ही वेगवेगळ्या वाटांच्या. एकाच खांबावरून येणाऱ्या दोन तारा म्हणजे दोन वाटा नव्हेत. पुण्यात राहणाऱ्या बहिणींना हे रोज दिसतं. झाडांवरून, दिव्याच्या खांबांवरून काळ्या तारांचे झुबके लोंबतात. फांदी पडली, रस्ता खोदला, की सगळ्या तारा एकदमच जातात.

वाट सैल झाली

ऑक्टोबर २०१२ मध्ये पुण्यात एअरटेलचं फोर जी सुरू झालं. कोलकाता आणि बेंगळुरूनंतर देशात तिसरं शहर पुणं. मोठी क्षमता आता तारेशिवायही मिळू लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि दर कोसळले. २०१४ साली एका जीबीला सरासरी अडीचशे रुपयांच्या वर पडायचे, ते २०१८ पर्यंत बारा रुपयांच्या आसपास आले. त्याच २०१६ साली यूपीआय आलं आणि नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. भाजीच्या टोपलीवर क्यूआर कोड लागायला तिथून सुरुवात झाली.

मग मार्च २०२० चा लॉकडाऊन. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या इमारती रिकाम्या झाल्या आणि तिथली माणसं घरून काम करू लागली. त्याआधी कॉल सेंटरसारख्या धंद्यांवर जोडणीची कडक बंधनं होती. कुठल्या जागेतून, कुठल्या तारेनं काम करायचं हे ठरलेलं असायचं. सरकारनं ती बंधनं आधी तात्पुरती सैल केली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये बरीचशी काढूनच टाकली. इमारतीतली मोठी लीज्ड लाईन पडून राहिली आणि त्याच कंपनीच्या माणसांना घरी रेंज मिळेना, असं दृश्य दिसलं. तेव्हा कंपन्या नवे प्रश्न विचारू लागल्या. क्षमता वाढवता येते तशी कमी करता येईल का? जागा बदलली तर जोडणी नेता येईल का? फायबर आणि मोबाईल एकत्र जोडून, एक पडलं की दुसरं आपोआप चालू होईल का? आज या तिन्हींच्या सोयी बाजारात आहेत. पुण्यात २०२२ च्या अखेरीस फाइव्ह जी आलं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये एअरफायबर, म्हणजे छतावर किंवा खिडकीत यंत्र लावून टॉवरवरून घेतलेली जोडणी, देशातल्या पहिल्या आठ शहरांबरोबर पुण्यात सुरू झाली.

गावाकडेही काम चालू आहे. २०११ साली केंद्र सरकारनं ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट नाव मिळालं. अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या, प्रत्येकीला १०० एमबीपीएस द्यायचं, असं उद्दिष्ट. काही ठिकाणी ते पोचलं. काही ठिकाणी पंचायतीच्या कपाटात यंत्र आहे आणि दिवा लागत नाही. आपल्या गावात काय स्थिती आहे, हे ग्रामसभेत विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. आर्वीच्या थाळीची गोष्ट पुन्हा घडू द्यायची नसेल तर तो हक्क बजावला पाहिजे.

आता आपला गाळा

आमच्या कामातलं एक उदाहरण सांगतो. भोरकडच्या एका गटानं पुण्यात मसाले आणि चटण्यांसाठी लहान गाळा भाड्यानं घेतला, अकरा महिन्यांच्या करारावर. एका कंपनीचा माणूस आला आणि मोठ्या वेगाचं, एक वर्षाचे पैसे आगाऊ भरायचं कनेक्शन सुचवू लागला. "ताई, वर्षाचं घेतलं की दोन महिने फुकट." गटाच्या सचिव ताईंनी वही काढली. त्यांची विक्री दोन हंगामांत : उन्हाळ्यातले मसाले आणि दिवाळीचा फराळ. मधले कितीतरी महिने दिवसाला मोजक्या ऑर्डरी. गाळाच अकरा महिन्यांचा, मग जोडणी बारा महिन्यांची कशाला? त्यांनी महिन्याच्या भाड्याची मध्यम जोडणी घेतली, हंगामात ती वाढवून घेतली, आणि दुसऱ्या कंपनीचं एक सिमकार्ड राखीव ठेवलं. फुकटचे दोन महिने सोडले, पण अडकायचे दहा महिने वाचवले.

हेच धोरण आपण सगळ्याजणी वापरू शकतो. त्यासाठी गटाच्या बैठकीत पाच प्रश्न क्रमानं विचारावेत.

पहिला प्रश्न, आपलं काम काय आहे? यूपीआयचे पैसे येणं, बिल काढणं, व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेणं याला फार कमी क्षमता लागते. साधा फोर जी मोबाईल पुरतो. फोटो, व्हिडिओ टाकणं, कॅमेरे लावणं, एकाच वेळी चारजणींनी संगणकावर काम करणं याला जास्त लागते. तिथं फायबर किंवा एअरफायबर बघावं. लीज्ड लाईन आपल्या गटाला सहसा लागत नाही. ती जिथं मिनिटभर बंद पडूनही मोठं नुकसान होतं, अशा धंद्यांसाठी असते.

दुसरा प्रश्न, सांगितलेला वेग कुठल्या दिशेचा आहे? जाहिरातीत उतरवण्याचा वेग सांगतात. आपण धंदेवाल्या, आपल्याला चढवायचंही असतं : मालाचे फोटो, व्हिडिओ. दोन्ही दिशांचा वेग विचारून घ्या. आणखी एक, १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे. आठानं भागा. साधारण साडेबारा एमबी. ठराविक डेटा संपल्यावर वेग उतरतो का, हेही विचारा.

तिसरा प्रश्न, किती दिवसांचं बंधन? महिन्याचं, सहा महिन्यांचं की वर्षाचं? मध्येच वेग वाढवायला आणि उतरवायला पैसे पडतात का? गाळा बदलला तर? यंत्राची अनामत किती, आणि परत कधी? यातलं जे तोंडी सांगतील ते मेसेजवर लिहून मागा. तोंडी शब्द माणसाबरोबर जातो, लिहिलेला राहतो. दर सांगताना १८ टक्के जीएसटी धरून सांगितला की सोडून, हेही बघा.

चौथा प्रश्न, बंद पडली तर? दुसरी वाट तयार ठेवा, आणि ती वेगळ्या कंपनीची, वेगळ्या प्रकारची असू द्या. पहिली तारेची असेल तर दुसरी मोबाईलची. प्रदर्शनात, भीमथडी जत्रेसारख्या गर्दीत हे फार महत्त्वाचं आहे. एका टॉवरवर हजारो मोबाईल आले की चारीवरची पाळी लांबते, आणि गिऱ्हाईक क्यूआर कोडपुढे उभं राहून कंटाळतं. दोन कंपन्यांची सिमकार्डं आणि थोडे सुटे पैसे, दोन्ही गल्ल्यात हवं. बिघाड झाला तर कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तक्रारीचा क्रमांक घ्या आणि वहीत लिहा. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. क्रमांक नसेल तर पुढची पायरी चढता येत नाही.

पाचवा प्रश्न आमच्या मते सगळ्यात मोठा आहे. जोडणी कुणाच्या नावावर?

कितीतरी गटांमध्ये धंदा बायकांचा असतो, आणि सिमकार्ड एखादीच्या नवऱ्याच्या नावावर, नेट कुणाच्या मुलाच्या नावावर, पासवर्ड भाच्याला माहीत. सगळं गोडीनं चाललेलं असतं तोवर कुणाला काही वाटत नाही. पण भाचा नोकरीला गेला, घरात भांडण झालं, सदस्य गट सोडून गेली, की गटाचा नंबर जातो, गिऱ्हाईकांची यादी जाते, पैसे यायची वाट जाते. तार सरकारच्या हाती होती, टेलिफोन अनामत भरणाऱ्याच्या हाती होता. एवढ्या वर्षांनी ती वाट स्वस्त होऊन आपल्या दारात आली, आणि तिची किल्ली अजून आपल्या हाती नसेल, तर इतिहासातून आपण काय घेतलं?

म्हणून तुमचा ग्रामसंघ, प्रभाग संघ किंवा लोकसंचलित साधन केंद्र नोंदणीकृत असेल, त्याचा पॅन असेल, तर जोडणी त्याच्या नावावर घेता येते का बघा. ते जमत नसेल तर गटाच्या पदाधिकारी ताईच्या नावावर घ्या आणि बैठकीच्या वहीत ठराव लिहा : जोडणी गटाची आहे, बिल गटाच्या खात्यातून जाईल, पदाधिकारी बदलली की जोडणीही बदलून द्यायची. पासवर्ड निदान दोघींना माहीत असावा आणि वर्षातून एकदा बदलावा. ओटीपी येणारा मोबाईल गटाच्याच सदस्येकडे असावा.

एकाच इमारतीत किंवा शेजारच्या गाळ्यांत आपले दोन-तीन गट असतील, तर एक चांगली जोडणी मिळून घेण्याचा विचार जरूर करा. कंपनीला आधी विचारा की असं वापरता येतं का, आणि बिलाची वाटणी वहीत लिहा. एसटीपीआयमध्ये लहान कंपन्यांनी हेच केलं होतं, आणि आपल्याला तर मिळून करण्याची सवय त्यांच्यापेक्षा जुनी आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं तीन गोष्टी लिहून आणाव्यात : गेल्या बारा महिन्यांत कुठल्या महिन्यात किती ऑर्डरी आल्या, नेटवर दर महिन्याला किती खर्च झाला, आणि जोडणी सध्या कुणाच्या नावावर आहे. हे तीन रकाने समोर असले की कुठलं कनेक्शन घ्यायचं ते कंपनीच्या माणसानं सांगायची गरज उरणार नाही, तुमची वहीच सांगेल.

काही अडलं तर आपल्या भागातल्या सहयोगिनीला विचारा.